टिपणीसकाकांचं वाण

आमच्या सुमंगल सोसायटीत साधी सर्दी झाली तरी ती टिपणीसकाकांना कळू देण्यात धोका होता. ते फार आपुलकीने चौकशी करायचे. डोकं दुखतंय का, छाती भरलीय का, बाम लावला का. मग आवाज किंचित खाली आणून विचारायचे, "बाटली संपत आली असेल, नाही?" माझ्या सासूबाईंना पहिली दोन वर्षं वाटत होतं, शेजारी काय मायाळू मिळालाय. एकदा रिकामी बाटली हातात पडताच काकांनी तिचं झाकण तीनदा लावून-काढून पाहिलं आणि सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल एक शब्दही न विचारता ते जिना उतरून गेले, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

विश्राम टिपणीस हे त्यांचं पूर्ण नाव. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला आमची सोळा बिऱ्हाडांची इमारत, त्यात आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर. काका एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा मारायच्या, त्यामुळे असेल, पण सुट्टीच्या दिवशी त्यांना रंगांची भूक लागायची. तैलरंगात चित्रं काढायचे. बरी काढायचे. पण त्यांचा खरा जीव चित्रापेक्षा कालवलेल्या रंगात. दोन-तीन ट्यूबांतले रंग एकत्र करून जी छटा जमते ती पुन्हा तशीच जमत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि म्हणून उरलेला थेंब न थेंब ते साठवायचे. कशात? तर ज्याला झाकण आहे त्या कशातही. बामच्या बाटल्या, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या नळ्या, फोटोच्या रोलच्या काळ्या डब्या, काजळाच्या डब्या, शाईच्या दौती. गोळ्या संपलेल्या पाकिटाच्या दहा खळग्यांत दहा रंग कालवून बसलेले काका मी स्वतः पाहिलेत. खोकल्याच्या औषधावरचा मापाचा पेला तर आमच्या इमारतीत कुणाच्याच बाटलीवर उरला नव्हता.

एकाच घराला त्यांचा हात लागत नसे, ते म्हणजे स्वतःचं. प्रमोदिनीकाकू ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होत्या आणि घरातही त्यांचा शब्द शिक्का मारल्यासारखा असायचा. स्वयंपाकघरातलं काही रंगाला घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. लग्नानंतर लगेच कधीतरी काकांनी आमटीच्या वाटीत निळा रंग कालवला होता. काकूंनी भांडण केलं नाही. ती वाटी घासूनपुसून महिनाभर त्यांच्याच पानात वाढली. तेव्हापासून काका स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा विचारून जात.

आता मुख्य भानगड सांगते. ती आम्हाला पुढे कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगितलेली बरी.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये काका-काकूंच्या लग्नाला पंचवीस वर्षं व्हायची होती आणि काकांनी ठरवलं होतं की त्या दिवशी काकूंना त्यांचं स्वतःचं चित्र द्यायचं. गुपचूप. हे गुपचूप जमण्यासारखंही होतं. एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारची, काकूंच्या कचेरीला रविवारची. म्हणजे पंचवीस वर्षांच्या संसारात दोघं एकाच दिवशी दिवसभर घरात, असं सणावारालाच काय ते. शुक्रवारी सकाळी काकू आठ चाळीसला निघाल्या की घर काकांचं.

पण घराबरोबर यादीही काकांची. काकू जाताना टेबलावर यादी ठेवून जायच्या. दळण, रॉकेल, रेशन, गॅसचा नंबर लावणे, चपलेचा अंगठा शिवून आणणे, मासळी. हे सगळं उरकून काकांच्या हाती दोन तास लागायचे. दोन तासांत काकूंच्या गालाचा रंग कालवून जमेपर्यंत वेळ संपायची. उरलेला रंग कुठल्यातरी बाटलीत भरायचा, आणि पुढच्या शुक्रवारी उघडला की त्यावर जाड साय नाहीतर खाली खडा. कारण बामची बाटली बामासाठी केलेली असते. मग पुन्हा नव्याने कालवा, आणि तो मागच्यासारखा होणं नाहीच. अशाने दोन वर्षांत चित्रातल्या काकूंचा एक गाल एका शुक्रवारचा, दुसरा दुसऱ्या शुक्रवारचा आणि हनुवटी श्रावणातली, असा प्रकार झाला होता.

त्यात भर म्हणजे काका चित्र काढत होते ते काकूंच्या ओळखपत्राच्या फोटोवरून. तो काळापांढरा. रंग मनानेच आठवायचा. म्हणून मग जेवताना काका काकूंकडे टक लावून बघायचे. काकू विचारायच्या, "काय बघताय?" काका म्हणायचे, "काही नाही, आमटी छान झालीय." त्या वर्षी त्यांच्याकडे आमटी फार छान होत होती.

हे गुपित फक्त मालूला ठाऊक होतं. मालू म्हणजे आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण. शुक्रवारी दार काकाच उघडायचे, त्यामुळे तिने चित्र पाहिलेलं होतं आणि तिला मत होतं. पाटी खाली ठेवून ती चित्रासमोर बसायची आणि सांगायची, "भाऊ, यो गाल पापलेटचा नि त्यो रावसाचा झालाय. बाई अशी हाय का?" काका निमूटपणे ब्रश पुसायचे, कारण ते खरं होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात मालू आपली मशेरीची डबी काकांच्या उंबऱ्यात विसरून गेली. दोन चमचे तूप मावेल एवढी, पांढरट, मऊ प्लास्टिकची. झाकण लावलं की टक्‌ वाजायचं. पाटीतल्या पाण्यात भिजून भिजूनही आतली मशेरी कोरडी होती. काकांनी मशेरी कागदात काढून ठेवली आणि डबीत रंग भरला. पुढच्या शुक्रवारी रंग तसाच ओला. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या शुक्रवारी मालूने विचारलं, "माजी डबी हितंच ऱ्हायली व्हती. दिसली का?" काका खोटं बोलले नाहीत. त्यांनी डबी दाखवली आणि विचारलं, "ही मिळते कुठे?"

"कल्याणच्या बाजारात. वाणाच्या दुकानात. पन ते सुटी देत न्हाईत, डझनावारी घ्यावी लागते," मालूने सांगितलं आणि डबी धुऊन मागितली.

वाणाच्या दुकानात, हे शब्द काकांच्या डोक्यात बसले. संक्रांतीला हळदीकुंकवात बायका एकमेकींना वाण देतात. गाळण्या, कंगवे, साबणाच्या वड्या. सोळा घरांतल्या बायकांनी जर डब्याच लुटल्या, तर प्रत्येकीच्या घरी पंधरा डब्या येणार. पंधरा सारख्या डब्यांचं कुठलीही बाई काय करणार? काका मागतील तेव्हा देणार. दुसरा कोणी असता तर कल्याणला जाऊन एक डझन घेऊन आला असता. पण टिपणीसकाकांनी आयुष्यात कधी नवीन, कोरी डबी रंगासाठी विकत घेतली नव्हती आणि घेणारही नव्हते. तेवढा त्यांना अभिमान होता.

आता माझं ऐका. माझं लग्न झालं होतं मे महिन्यात, म्हणजे ही माझी पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, सासरचं पहिलं हळदीकुंकू. मी महिनाभर त्याचाच विचार करत होते. डिसेंबरात एकदा जिन्यात काका भेटले. हातात रॉकेलचा डबा.

"उत्तरा, वाण काय ठरवलंस?"

"काही नाही अजून."

"सगळ्या तेच ते देतात. तुझी पहिली वेळ आहे म्हणून सांगतो. कल्याणच्या बाजारात एक डबी मिळते. पांढरी, मऊ. उलटी केली तरी थेंब सांडत नाही. सोसायटीत कुणाला बोलू नकोस, चोरतील कल्पना."

मला भरून आलं. माहेरी वडील असे बोलायचे. मी हे नवऱ्यालाही सांगितलं नाही. पुढे कळलं की काकांनी त्याच महिन्यात आणखी दहाजणींना, कुणाला पाण्याच्या टाकीपाशी, कुणाला रेशनच्या रांगेत, अगदी याच शब्दांत सांगितलं होतं, आणि त्या दहाजणींनाही भरून आलं होतं.

दुकानात गेले तर दुकानदाराने पांढरी डबी काढून ठेवली, आणि तिच्या शेजारी दुसरी. पारदर्शक, कडक, पैलू पाडलेली, गुलाबी आणि पोपटी. दिव्याखाली धरली की चमकायची. "ताई, पांढरी घ्याल तर औषधाची वाटेल," तो म्हणाला. खरंच वाटत होती. हळदीकुंकवाला अशी मळकट डबी कोण देईल? मी गुलाबी दोन डझन घेतल्या. आम्ही अकराजणी त्या दुकानात वेगवेगळ्या दिवशी गेलो आणि अकराजणींनी चमकणाऱ्या घेतल्या. पांढरी डबी कोणीच घेतली नाही. काकांच्या बेतात बायकांची आवड धरलेली नव्हती.

संक्रांतीच्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या वासंती प्रधानांकडे हळदीकुंकू होतं. त्यांनी माझ्या हातात गुलाबी डबी ठेवली तेव्हा मी ती उलटसुलट करून पाहिली; अगदी माझ्या डब्यांसारखीच. योगायोग असेल, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर पोपटी. तिसऱ्या दिवशी पुन्हा गुलाबी. चौथा दिवस माझा. दागिने घालून, काळी साडी नेसून मी वाण द्यायला उभी राहिले आणि पहिलीच बाई म्हणाली, "अगंबाई, हीपण डबीच?" बाकीच्या एकमेकींकडे बघून हसल्या. वासंतीवहिनी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझ्या पिशवीत डोकावली असेल बाजारातून येताना." मी आत जाऊन रडले. हलव्याच्या बांगडीचे दोन दाणे विरघळले, इतकी रडले.

रथसप्तमीपर्यंत अकरा घरांतून डब्याच निघाल्या. प्रत्येकीला वाटत होतं की आपली कल्पना दुसरीने चोरली. तिसऱ्या मजल्यावर तर दोन जावा एकमेकींशी बोलेनात. मी आणि वासंतीवहिनी एकाच टाकीवर पाणी भरताना दीड-दोन महिने पाठमोऱ्या उभ्या राहत होतो. यातून सुटलेल्या पाच घरांत एक टिपणीसांचं. काकूंनी गाळण्या दिल्या. काकांनी त्यांना डबीबद्दल सांगितलंच नव्हतं, कारण त्या कारण विचारतील ही भीती.

आणि काका? इमारतीत एवढं पेटलेलं, पण त्यांना पत्ता नाही. ते दारोदार फिरून गोड आवाजात म्हणत होते, "एवढ्या डब्यांचं तुम्ही तरी काय करणार?" त्या डब्या डोळ्यांसमोर नकोच झालेल्या बायकांनी पिशव्या भरभरून दिल्या. मीही दिल्या. काकांनी पहिल्याच डबीवर नख वाजवून पाहिलं, ती कडक कशी म्हणून जरा थबकले. मग पाणी भरून उलटी धरली. थेंब सांडला नाही. डबी पास झाली.

लग्नाचा वाढदिवस शनिवारी होता. त्याच्या आदल्या शुक्रवारच्या आधीच्या शुक्रवारी काकांना दोन वर्षांत पहिल्यांदा तो रंग जमला. मालू समोर बसली होती. ती म्हणाली, "आत्ता बाई वाटते." काकांनी तो चित्रातल्या कपाळावर लावला आणि घड्याळ बघितलं तर गॅसवाल्याची वेळ झालेली. त्यांनी उरलेला रंग टर्पेंटाइनने थोडा सैल करून सहा डब्यांत भरला, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली, 'प्र.', आणि डब्या चित्राबरोबर दिवाणाखाली सरकवल्या. पुढच्या शुक्रवारी सगळा चेहरा याच रंगाने सारखा करायचा आणि शनिवारी चित्र द्यायचं. त्या सहा डब्यांवर पंचवीस वर्षांची भेट उभी होती.

बुधवारी संध्याकाळी काकूंनी मला हाक मारली. "उत्तरा, दिवाणाखाली कसला वास येतोय बघ गं, आज माझी कंबर वाकत नाही." मी हात घातला तो चिकट झाला. टर्पेंटाइनने डब्या खाल्ल्या होत्या. सहाही डब्या बुडाशी वितळून, तोंडात चघळून काढलेल्या गोळ्यांसारख्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि रंग जुन्या गोधडीत मुरला होता. पांढरी डबी असती तर काही झालं नसतं. गोधडीच्या मागून चित्र निघालं.

मला हसू आवरेना. ओळखपत्रावरून काढल्यामुळे चित्रातल्या काकू कुणाचा तरी अर्ज नामंजूर करत होत्या, त्यात कपाळ एका रंगाचं, गाल दोन रंगांचे आणि नाक तिसऱ्याच बाईचं. मग मी काकूंकडे पाहिलं आणि हसू थांबलं. त्या जमिनीवर बसल्या होत्या. चित्राच्या कोपऱ्यात काकांनी पेन्सिलीने, ड्राफ्ट्समनच्या बारीक अक्षरात, चित्राला बसल्याच्या प्रत्येक शुक्रवारची तारीख लिहिली होती. काकूंनी सगळ्या तारखा बोट ठेवून वाचल्या.

"आणि मी त्यांना दळण सांगत होते," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्यांची नजर डब्यांकडे गेली आणि त्यांच्यातली हेडक्लार्क जागी झाली. "तुला या डबीचं कोणी सुचवलं होतं?" मी सांगितलं. त्या उठल्या, वासंतीवहिनींकडे गेल्या, मग तळमजल्यावर, मग तिसऱ्या मजल्यावर. अर्ध्या तासात अकराजणी टिपणीसांच्या जिन्यात उभ्या होत्या आणि वासंतीवहिनी माझा हात धरून माझ्यापेक्षा जास्त चिडल्या होत्या. काकूंनी सगळ्यांना एवढंच सांगितलं, "शनिवारपर्यंत थांबा. आणि त्यांना काही कळता कामा नये." चित्र आणि डब्या होत्या तशा दिवाणाखाली गेल्या.

शनिवारचं आधी सांगून टाकते, म्हणजे शुक्रवार शेवटी राहील. शनिवारी संध्याकाळी आम्ही अकराजणी गेलो. काकांना पाटावर बसवलं, खांद्यावर शाल घातली आणि वासंतीवहिनींनी त्यांना कुंकू लावून त्यांची ओटी भरली. खणानारळाच्या जागी उरलेल्या सगळ्या गुलाबी-पोपटी डब्या. "भावजी, हे तुमचं वाण. आता वर्षभर कुणाच्या खोकल्याची चौकशी करायची नाही." काका मान खाली घालून बसले होते. पण सातव्या-आठव्या डबीला त्यांचा हात गेलाच. त्यांनी झाकण लावून-काढून पाहिलं. त्यानंतर मी त्यांच्यावर रागावूच शकले नाही.

आता शुक्रवार. सकाळी साडेआठला मी तिथे होते, कारण काकूंनी मला चहाला बोलावलं होतं, म्हणजे बघायला बोलावलं होतं. काका आंघोळ करून तयार, दाराकडे बघत. काकू घरातल्या साडीत, खुर्चीवर पेपर वाचत.

"आज ऑफिस नाही?" काकांनी विचारलं.

"सीएल टाकलीय."

"बरं. मग यादी?"

"यादी नाही आज."

काकांचा चेहरा उतरला. शेवटचा शुक्रवार, आणि काकू घरात. काकूंनी पेपर घडी करून ठेवला, दिवाणाखाली हात घालून चित्र ओढलं, खुर्चीवर टेकवून ठेवलं, आणि त्याच्या मागोमाग गोधडी. काकांनी चित्राकडे पाहिलंच नाही. वितळलेल्या डब्या पाहिल्या आणि मटकन दिवाणावर बसले.

"गेला तो रंग," ते म्हणाले. "आता नाही मिळायचा परत."

"कुठला?"

"तुझा."

काकू वळल्या. स्वयंपाकघरात गेल्या आणि एक वाटी घेऊन आल्या. माहेरच्या आहेरातली, स्टीलची. तिच्यावर 'सौ. प्रमोदिनी विश्राम टिपणीस' असं कोरलेलं होतं आणि लग्नाची तारीख. ती त्यांनी काकांच्या पुढ्यात ठेवली. मग गॅलरीच्या दाराशी, उजेड येतो तिथे खुर्ची ओढली आणि त्यावर बसल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता समोर बघून कालवा."

आमच्याकडे शुक्रवारी वीज जायची. पंखा बंद, मार्चचं ऊन गॅलरीत. काकू सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत त्या खुर्चीवर बसल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण हातात काहीही न घेता बसलेल्या त्या मला त्या एका दिवशीच दिसल्या. स्वयंपाक मी केला. दुपारी मालू आली, तिने एकदा वाटीत बघितलं, एकदा काकूंकडे, आणि पाटी खाली ठेवून बसून राहिली. निघताना तिने कनवटीतून आपली पांढरी डबी काढली, त्यातली मशेरी पदराच्या टोकाला बांधली आणि डबी काकांपुढे ठेवली. म्हणाली, "ही न्हाय वितळत." काका एकटक काकूंकडे बघत होते, आणि काकूंनी एकदाही विचारलं नाही, काय बघताय.

पाच वाजता चित्र झालं. दोन वर्षं जे होत नव्हतं ते एका दिवसात झालं, एकाच कालवणात. वाटीत दोन-तीन चमचे रंग उरला. काकांनी सवयीने मालूची डबी उघडली आणि वाटी तिरकी केली. काकूंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पुन्हा लागला तर मी आहे ना."

काकांनी डबी मिटली. ती वाटी नंतर स्वयंपाकघरात गेली नाही. तिच्यातला रंग वाळून तिथेच राहिला.